सातारा-सांगलीहून विमानाने निघताना: उंबऱ्यापासून खिडकीच्या सीटपर्यंत

पुण्याहून बेंगळुरूला जाणारं विमान हवेत जेमतेम दीड तास असतं. पण साताऱ्याच्या माणसाला घराचं दार ओढून घेतल्यापासून बेंगळुरूच्या टॅक्सीत बसेपर्यंत आठ-नऊ तास सहज लागतात, सांगलीच्या माणसाला त्याहून जास्त. विमानप्रवासाची बहुतेक चिडचिड या उरलेल्या तासांत असते. हायवेवर, तिकिटावरच्या नावात, बॅगेच्या वजनात, बंद झालेल्या काउंटरसमोर. यातलं बरंचसं घरी बसून टाळता येतं. आणि ते टाळलं की विमानात बसण्याचा आनंद आजही पहिल्या वेळेसारखाच मिळतो, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख तिकीट काढण्याच्याही आधीपासून सुरू करतो.

आधी विमानतळ ठरवा, मग तिकीट

मोबाईलवर शोध घेतला की सगळ्यात स्वस्त तिकीट वर दिसतं. ते कुठून आहे हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नका.

सातारकरांसाठी पुण्याचं लोहगाव हा साधा हिशेब आहे. सांगली-मिरजेच्या लोकांनी मात्र आधी कोल्हापूरचं उजळाईवाडी पाहावं. सांगलीपासून ते साधारण ५० किलोमीटरवर आहे आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. विमानतळ छोटा असल्यामुळे दारापासून विमानापर्यंत चालणं कमी आणि रांगाही लहान. उड्डाणं मात्र मोजकीच आहेत आणि वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं. एखादं विमान रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळेलच असं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत किंवा लग्नाचा मुहूर्त असेल, तर मी कोल्हापूरपेक्षा पुण्याचं तिकीट सुचवेन. गोव्याचं मोपा आणि बेळगावचं सांबरा हे पर्यायही जत, कवठेमहांकाळ, मिरज या बाजूच्या लोकांनी एकदा पाहून ठेवावेत.

मुंबईचं तिकीट असेल तर नुसतं ‘मुंबई’ वाचून थांबू नका. सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि सहारचं टर्मिनल २ वेगळ्या ठिकाणी आहेत. त्यात नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुनी मुंबई, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. आपल्याकडून जाणाऱ्यांना नवी मुंबई सोयीची, कारण पनवेलच्या पुढचं मुंबईतलं ट्रॅफिक टळतं.

वाटेत विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर (बुकिंगच्या क्रमांकावर) घ्या. कोल्हापूर-मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई-दुबई दुसऱ्या कंपनीचं, असं वेगवेगळं काढलं आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी असता. पैसेही जातात आणि जागाही. असं करावंच लागलं तर मध्ये एक मुक्काम ठेवा.

तिकिटावरचं नाव आणि मोबाईल नंबर

आपल्याकडे नावाचा घोळ फार. आधारवर नवऱ्याचं नाव, पॅनवर वडिलांचं, पासपोर्टवर माहेरचं आडनाव. नियम सोपा आहे: गेटवर जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचंच नाव तिकिटावर हवं. परदेशी जाताना पासपोर्टप्रमाणेच, एकेक अक्षर जुळवून. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतील, तर तिकिटातही दोन्ही त्याच रकान्यात भरा. चूक दिसली तर त्याच दिवशी कंपनीला कळवा. पहिल्या २४ तासांत दुरुस्ती सोपी असते, नंतर किचकट होत जाते.

मोबाईल नंबर तर त्याहून महत्त्वाचा. गावाकडे तिकीट बऱ्याचदा एजंटकडून किंवा सायबर कॅफेतून निघतं आणि तिथे एजंटचाच नंबर टाकला जातो. विमानाची वेळ बदलली, गेट बदललं, विमान रद्द झालं, तरी सगळे मेसेज एजंटच्या फोनवर जातात आणि तुम्ही निवांत हायवेवर असता. एजंटकडून तिकीट काढायला हरकत नाही, पण नंबर आणि ई-मेल स्वतःचाच टाकायला लावा आणि समोर बसून तपासा. नंतर पीएनआर घालून कंपनीच्या ॲपवर तिकीट दिसतंय का तेही पाहा.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट रद्द केलं किंवा विमान चुकलं, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळतात. डीजीसीए या विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा तसा नियम आहे. रक्कम कधी कधी हजाराच्या घरात जाते. ती मागून घ्या.

सैन्यातल्या जवानांना बहुतेक कंपन्या भाड्यात सवलत किंवा जादा सामान देतात. सातारा जिल्ह्यात ज्यांच्या घरी वर्दी आहे, त्यांनी तिकीट काढताना तो रकाना आवर्जून निवडावा. विमानतळावर लष्करी ओळखपत्र मात्र दाखवावं लागतं.

उलटं गणित

विमान सुटण्याची वेळ ही तुमच्या कामाची वेळ नाही. कामाची वेळ म्हणजे बॅग जिथे देतात तो चेक-इनचा काउंटर बंद होण्याची. देशांतर्गत विमानासाठी काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो आणि बोर्डिंग गेट साधारण २५ मिनिटं आधी. तिथून मागे मागे यायचं.

समजा पुण्याहून सकाळी साडेअकराचं विमान आहे. काउंटर साडेदहाला बंद, म्हणजे साडेनऊला लोहगावात हवं. साताऱ्याहून लोहगाव धरा तीन तास, वर पाऊण तास राखीव. म्हणजे पावणेसहाला गाडी निघालीच पाहिजे. सांगलीहून तेच अंतर पाच तासांचं आणि राखीव एक तास, म्हणजे पहाटे साडेतीन. हे परवडत नसेल तर दुपारी तीनचं विमान घ्या आणि सकाळी सातला चहा घेऊन निघा.

राखीव वेळ कशासाठी, हे ज्याने रविवारी संध्याकाळी खेड-शिवापूरचा टोल पाहिला आहे त्याला सांगायला नको. महाबळेश्वर-पाचगणीहून परतणारे पुणेकर, नवले पुलावरची कोंडी, कात्रजनंतर शहर पार करण्याचा वेळ. जोडून सुट्ट्या असतील तर राखीव वेळ दुप्पट करा. सांगलीकडे ऊस हंगामात आष्टा ते पेठ नाक्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे वेळ जातो, तो वेगळा धरा. आषाढी वारीत माउलींची पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण या मार्गाने जाते. त्या दिवसांत पुणे शहरात आणि लोणंद भागात वाहतूक वळवलेली असते, म्हणून तारीख पाहूनच तिकीट काढा.

स्वतःची गाडी नसेल तर एसटीने स्वारगेट गाठा आणि तिथून मेट्रो घ्या. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आहे. सिव्हिल कोर्टला गाडी बदलून रामवाडीला उतरायचं, पुढे विमानतळापर्यंत रिक्षाचं थोडंसं अंतर राहतं. ऐन गर्दीच्या वेळी हा मार्ग मला टॅक्सीपेक्षा भरवशाचा वाटतो. दोन मोठ्या बॅगा आणि लहान मूल असेल तर मात्र टॅक्सीच बरी.

मुंबईहून रात्रीचं परदेशी विमान असेल तर सांगली-मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने आदल्या रात्री निघून सकाळी मुंबईत पोचणं शरीराला सगळ्यात कमी त्रासाचं. दिवसभर नातेवाइकांकडे आराम करून रात्री विमानतळावर जाता येतं.

परदेशी विमानांबद्दल एक सूचना कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. १२ तारखेला रात्री १ वाजून २० मिनिटांचं विमान म्हणजे ११ तारखेला रात्री दहापर्यंत विमानतळावर. बारा वाजून गेले की तारीख बदलते. या एका गोष्टीने किती कुटुंबांचं विमान चुकतं!

दिवसातलं कोणतं विमान निवडावं? एकच विमान दिवसभरात चार-पाच फेऱ्या करतं. सकाळी एका फेरीला उशीर झाला की तो पुढे साचत जातो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याचा फटका पुण्याच्या संध्याकाळच्या विमानाला बसतो तो यामुळेच. जितकं सकाळचं, तितकं वेळेवर. सातारकरांनी साडेनऊ ते बाराच्या दरम्यानचं विमान पाहावं, असं माझं मत.

बॅग भरताना

देशांतर्गत प्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलोची एक बॅग काउंटरवर देऊ देतात आणि ७ किलोची एक हातात. घरी काटा नसेल तर किराणा दुकानात जाऊन वजन करा. जादा वजनाचे पैसे आधी ऑनलाइन भरले तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतात.

काय कुठे ठेवायचं, हा आपल्या घरांमधला खरा प्रश्न, कारण आपण रिकाम्या हाताने कुणाकडे जात नाही.

कंदी पेढे, भडंग, बेदाणे हातातल्या बॅगेत खुशाल न्या. पेढ्यांचा डबा तर हातातच ठेवा, खालच्या बॅगेत त्याचा चुरा होतो. मिरची पूड, कांदा-लसूण मसाला आणि तिखटाचं लोणचं हातात चालत नाही, ते मोठ्या बॅगेत टाका. लोणच्याच्या बरणीचं झाकण सेलोटेपने बंद करून ती दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळायची. हळदही मोठ्या बॅगेतच बरी. तिचा पुडा फुटला तर निदान लॅपटॉप तरी वाचतो.

सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र कुठल्याच बॅगेत ठेवू नका. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि उष्णतेत ते आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून जगभर ते विमानातल्या धोकादायक मालाच्या यादीत आहे. कापूर, काडेपेटी, लायटर यांनाही दोन्हीकडे बंदी. लेक सासरी किंवा नोकरीच्या गावी निघाली की आई ओटी भरते. त्यातले तांदूळ आणि खण बॅगेत जातील, नारळ घरच्या देवापुढे ठेवावा. तपासणीच्या टेबलावर तो काढून घेतला की मायलेकींचा जीव हळहळतो.

आजीच्या चंचीतला अडकित्ता हातातल्या बॅगेत चालत नाही. आजोबांच्या खिशातलं नखं काढायचं छोटं चाकूही. निघण्याआधी त्यांच्या पिशव्या त्यांच्यासमोरच, प्रेमाने, एकदा पाहून घ्या.

पॉवर बँक नेमकी उलटी. ती मोठ्या बॅगेत अजिबात नको, हातातच हवी. मर्यादा १०० वॉट-तास. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे चालते. तिच्यावरचे आकडे पुसले गेले असतील तर घरीच ठेवा, तपासणीत अडकते. दागिने, औषधं, कागदपत्रं, चष्मा आणि एक जोडी कपडे, हे पाचही हातातच. परदेशी जाताना हातातल्या पातळ पदार्थांची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नको. तूप आणि आमरस यातच मोडतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी खाण्याचा प्रत्येक पदार्थ तिथल्या फॉर्मवर जाहीर करावा. लपवलेल्या एका आंब्यासाठी मोठा दंड होतो.

मिरजेच्या वाद्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती वाद्यं देशभर विमानाने जातात. भोपळा एका धक्क्याने तडकू शकतो. तंबोरा हातातल्या सामानात बसत नाही. एकतर कंपनीला आधी फोन करून त्याच्यासाठी वेगळी सीट घ्या, किंवा कडक फायबरच्या पेटीत घालून, पोकळ्यांमध्ये मऊ कापड दाबून द्या. तारा सैल करायला विसरू नका. हवामान बदललं की ताणलेल्या तारांचा सगळा भार लाकडावर येतो.

विमानतळाच्या आत

वेब चेक-इन, म्हणजे मोबाईलवरून बोर्डिंग पास काढणं, घरीच करा. बहुतेक कंपन्यांचं ४८ तास आधी सुरू होतं. डिजियात्रा ॲप आधारवर चालतं आणि पुण्याला, मुंबईला देशांतर्गत प्रवासात चेहरा दाखवून आत जाता येतं. गर्दीच्या सकाळी याने बराच वेळ वाचतो. तरी मूळ ओळखपत्र खिशात असू द्या. लहान मुलांचा जन्मदाखला किंवा शाळेचं ओळखपत्र लागतं. दोन वर्षांखालच्या बाळाच्या वयाचा पुरावा तर हवाच.

तपासणीत लॅपटॉप, पॉवर बँक आणि चार्जर बॅगेतून काढून ट्रेमध्ये ठेवा. बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करतात, हे पहिल्यांदा जाणाऱ्या काकू-मावशींना आधी सांगितलं की त्यांचा अवघडलेपणा जातो. रिकामी बाटली न्या आणि तपासणीनंतर आत भरा. घरची दशमी, चपाती-भाजी, धपाटे आत नेता येतात. विमानतळावरच्या महागड्या सँडविचपेक्षा धपाटा केव्हाही उजवा.

बोर्डिंग पासवरच्या गेटवर विसंबून राहू नका, गेट बदलतं. स्क्रीन पाहत राहा. काही विमानतळांवर घोषणा करतच नाहीत.

आई-वडील पहिल्यांदा निघाले असतील तर

व्हीलचेअर तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी मागा. ‘आम्ही चालू शकतो’ म्हणून ते नको म्हणतील. पण मुंबई, दिल्ली, दुबईला चालणं खूप असतं आणि व्हीलचेअरसोबत माणूस मिळतो. तो वाट दाखवतो आणि रांगेतून पुढे नेतो. भाषेची अडचण असणाऱ्यांना हा फार मोठा आधार आहे. त्यांच्या खिशात एका कागदावर मुलाचा फोन, पत्ता, औषधांची नावं आणि पीएनआर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. फोनची बॅटरी संपली तरी कागद चालतो.

विमानाच्या आतल्या हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवतात. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं, म्हणजे विमानातली हवा तिथल्याहूनही विरळ आणि शिवाय कोरडी. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. पाणी थोडं थोडं पीत राहायला सांगा आणि लांबच्या प्रवासात तासा-दीड तासाने उठून चालायला. उतरताना कान दुखतात, तेव्हा लिमलेटची गोळी चघळावी. बाळाला त्या वेळी दूध पाजावं.

खिडकी

एवढं सगळं केलं ते कशासाठी, तर या जागेसाठी. सीटसाठी कधी पैसे द्यायचेच असतील तर ते खिडकीला द्या.

मुंबई-बेंगळुरू अशी सरळ रेषा नकाशावर काढून पाहा. ती साताऱ्यावरून आणि सांगलीच्या अगदी जवळून जाते. विमान नेमकं त्याच रेषेवर जाईल असं नाही, पण आभाळ स्वच्छ असेल तर आपला मुलूख दिसायची संधी चांगली असते. सकाळच्या विमानात उजवी खिडकी घ्या. ऊन डाव्या बाजूला राहतं आणि उजवीकडे सह्याद्रीची रांग, कोयनेचं लांबच लांब पसरलेलं शिवसागर जलाशय दिसतं. खाली पाहिलंत तर कृष्णेची वळणं आणि तिच्या काठचे उसाचे हिरवे चौकोन. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. पंखाच्या थोड्या मागची किंवा पुढची रांग निवडा, ऐन पंखावरची नको. पोटात ढवळतं अशांनी मात्र पंखाजवळच बसावं, तिथे हेलकावे कमी लागतात. छोट्या एटीआर विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे त्यात खालचं मोकळं दिसतं. शिवाय ते फार उंचावरून जात नाही. ज्यांना आपलं गाव वरून पाहायचं आहे त्यांनी असं विमान मुद्दाम शोधावं.

विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं तर

डिसेंबर २०२५ मध्ये देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा पुष्कळ लोकांना आपले हक्क काय हे पहिल्यांदाच कळलं. ते आधीच माहीत असावेत.

अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तासांहून जास्त उशिरा असेल तर कंपनीने खाणं-पिणं द्यायचं असतं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक तुम्ही निवडायचं. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानच्या विमानाला सहा तासांवर उशीर झाला तर हॉटेलची सोय. वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर प्रवासाच्या लांबीप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. हवामान, सुरक्षा अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत ही भरपाई मिळत नाही, पण पैसे परत किंवा दुसरं विमान मागता येतं.

काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवून काही मिळत नाही. तिच्या हातात थोडंच असतं आणि तीही सकाळपासून उभी असते. शांतपणे नियम सांगा, उशिराचं कारण लेखी किंवा मेसेजवर मागा, स्क्रीनचा फोटो काढा. रांगेत उभं असतानाच कंपनीच्या ॲपवर दुसरं विमान शोधत राहा, बऱ्याचदा तिथे आधी जागा मिळते. दाद मिळाली नाही तर एअरसेवा या सरकारी ॲपवर तक्रार करा.

उतरल्यावर

पट्ट्यावर बॅग आली नाही, किंवा फुटून आली, तर विमानतळाबाहेर पाऊल टाकण्याआधी तिथल्या काउंटरवर पीआयआर म्हणजे सामानाच्या तक्रारीचा फॉर्म भरा आणि त्याचा नंबर घ्या. ‘घरी जाऊन फोन करतो’ म्हटलं की पुढचं सगळं अवघड होतं. बॅग नंतर सापडली तर ती घरपोच पाठवायला सांगा, आणि पत्त्यात पिनकोडसोबत तालुका लिहा. आपल्याकडे एका नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत आहेत.

पुण्याला ॲपवरची टॅक्सी समोरच्या एरोमॉलच्या पार्किंगमधून मिळते, बाहेरच्या रस्त्यावर शोधत बसू नका. रात्री उशिरा उतरणार असाल तर स्वारगेटहून शेवटची सातारा-सांगली एसटी किती वाजता आहे ते निघण्यापूर्वीच पाहून ठेवा. ती चुकण्याची शक्यता असेल तर पुण्यात कुणाकडे मुक्काम करायचा ते आधी फोन करून ठरवा, आणि सकाळच्या पहिल्या गाडीने निघा.